कडा अस्पष्ट

रात्रीचे अडीच. वॉर्ड सहा, खाट अकरा.
लताबाईंनी खांदा धरला, मी कंबर,
आणि "एक, दोन" म्हणत आम्ही
द्वारका नवगिरे, वय चौऱ्याहत्तर,
डाव्या कुशीवर वळवल्या.
चादर पाठीला चिकटून थोडी वर आली,
मग सुटली.

टॉर्च काखेत धरून मी वाकते.
घडीच्या दोन्ही बाजूंना सारखीच लाली,
ओल्या शाईवर पुस्तक मिटलं
की समोरच्या पानावर उमटतं, तशी.
हाडावर नाही. खोल नाही.
बोटानं दाबते : पांढरं. सोडते : लाल.
मध्येच कुठे वरचा थर निघालेला,
भोवती पांढुरकं, सुरकुतलेलं,
धुणं संपल्यावर बोटं दिसतात तसं.

कागदी पट्टी धरते. चार बाय अडीच.
वास लघवीचा. पू नाही.
कडा : अस्पष्ट.

फॉर्मवर चौकट एकच. बेडसोर आहे / नाही.
आहे म्हटलं तर तो दाबाचा ठरतो,
नाही म्हटलं तर काहीच ठरत नाही.
मी समासात लिहिते, मुंगीएवढ्या अक्षरात :
ओलीनं. दाबानं नव्हे.

"ओलच ना?"
नवगिरेबाई भिंतीकडे तोंड करून विचारतात.
मला वाटलं होतं, झोपल्यात.
"शुक्रवार पेठेत बाइंडरकडे बत्तीस वर्षं
फर्म्यांच्या घड्या घातल्या मी.
ओला कागद चोळायचा नसतो, पोरी.
टिपायचा. आन घडीत वारं खेळू द्यायचं."

लताबाई हसतात, "सिस्टरपण रोज हेच सांगतात की."

रोज.
मी कालचं पान उलटते. रात्रपाळी.
'त्वचा अखंड.'
अक्षर गोल, सही तिरकी.
माझी.

काल कात्रजच्या घाटातले दोघं आले होते,
आठ नंबरचं सलाईन निघालं होतं,
आणि पहाटे पाचला एकोणीस नावांपुढे
मी तेच दोन शब्द
पोळ्या लाटाव्यात तसे लाटत गेले.
ह्यांना वळवलंच नव्हतं.
वळवलं असतं तर काय दिसलं असतं
ते आता कुणालाच दिसणार नाही.

व्हाइटनर चालत नाही. शिकवलंय तसं :
रेघ एकच, खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी तारीख, वेळ, सही.
पट्टी ठेवून रेघ ओढते.
'काल पाहिले नाही.'
सगळा फॉर्म भरायला लागला नव्हता
एवढा वेळ ह्या तीन शब्दांना लागतो.
सकाळी इन्चार्ज मॅडम चष्मा कपाळावर सरकवतील,
हे कशाला लिहिलंस गं, म्हणतील.
उत्तर अजून तयार नाही.

कोमट पाणी. मऊ फडकं. टिपते.
पांढरं मलम, पातळ.
लताबाई खालचं मेणकापड ओढून काढतात,
आतल्या बाजूनं त्याला घाम फुटलेला.
खिडकीबाहेर नेहरू रस्त्यावरून
मार्केट यार्डाचे टेम्पो, कोथिंबिरीवर ओलं गोणपाट.

"केवढं आहे?"
"पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठ्या तिकिटाएवढं."
"लिवलं का?"
"लिहिलं."
"बघू."

मी रजिस्टर त्यांच्या तोंडापुढे धरते.
चष्मा लॉकरमध्ये. शब्द दिसत नसणार.
त्या अंगठा कण्यावरून फिरवतात, वरपासून खालपर्यंत,
दोन जागी थांबतात.
"शिवण ढिली झालीय ह्याची," म्हणतात,
"हितनं पानं निसटतील."

साडेचारला उजवी कूस. मी मनगटावर पेननं लिहून ठेवते.